मोटारसायकलीची खांदेमळणी

मी आमोस मास्तरांकडे अंडी आणायला गेलो होतो आणि मोटारसायकल घेऊन परत आलो. यात माझी चूक एवढीच, की मी त्यांना सहज विचारलं, "मास्तर, ही पांढरी कोंबडी कशावर बसलीय?"

आमोस मास्तर म्हणजे देवळाली प्रवऱ्याच्या आमच्या शाळेतले ड्रॉइंग मास्तर. मी त्याच शाळेत क्लार्क. (मुलं मला भाऊसाहेब म्हणतात, मास्तर लोकही भाऊसाहेब म्हणतात, आणि हेडमास्तर नुसती घंटा वाजवतात.) माझा प्रश्न ऐकून मास्तरांचा चेहरा उजळला. त्यांनी कोंबडीला हुसकलं, गोणपाट ओढलं आणि खाली एक मोटारसायकल निघाली. म्हणजे मास्तर म्हणाले म्हणून मोटारसायकल. मला ती आधी ऊस पिळायच्या चरकासारखी दिसली.

"चुलत्यानं नगरला मिलिटरीच्या लिलावात घेतली होती," मास्तर म्हणाले. "महायुद्धातली आहे, भाऊसाहेब. हिच्यावर गोरे साहेब बसलेत."

"आणि आता?"

"आता कोंबड्या बसतात. पण मशीन एक नंबर. जरा पॉलिश पेपर मारला, जरा ऑइल केलं, की झालं."

त्या 'जरा'वर मी विश्वास ठेवला. ही गोष्ट एकाहत्तर सालची. तेव्हा आमच्या गल्लीत सायकल असलेला माणूस खाऊनपिऊन सुखी समजला जाई, आणि मोटारसायकल फक्त फौजदाराकडे असे. माझ्या डोळ्यांसमोर फौजदार आला. पण त्याहीपेक्षा ठळकपणे माझे सासरे आले.

सासऱ्यांची ओळख इथेच करून दिली पाहिजे, कारण पुढचं सगळं त्यांच्यामुळे घडलं. माझी सासुरवाडी उंबरदरा. अकोल्याच्याही पुढे, डोंगरात, भाताच्या खाचरांमध्ये. सासरे बन्सीबाबा बैलांचे मोठे पारखी. संगमनेरच्या बाजारात त्यांनी बैलाच्या पाठीवरून नुसता हात फिरवला, तरी विकणारा घाम पुसायला लागतो. लग्नाआधी ते मला बघायला आले तेव्हा त्यांनी माझं शिक्षण विचारलं नाही, नोकरी विचारली नाही. त्यांनी माझा खांदा दाबून पाहिला. मग बाहेर जाऊन सासूबाईंना म्हणाले (हळू बोलणं त्यांना जमत नाही, त्यामुळे मला आणि आमच्या शेजाऱ्यांना ऐकू गेलं), "पोरगं गुनी हाय. पर बसकं हाय."

बसका म्हणजे जो बैल ऐन कामात जुवासकट खाली बसतो आणि शेपटी पिरगाळली तरी उठत नाही, तो. तरी त्यांनी मुलगी दिली. चांगुणानं हट्ट धरला म्हणून दिली, हे मला नंतर कळलं. पण तो शिक्का काही पुसला नाही. दर पोळ्याला आम्ही उंबरदऱ्याला जायचो. माझे साडू श्रीमंतराव, जे कॉन्ट्रॅक्टर आहेत, ते जीपमधून यायचे. त्यांच्यासाठी बाज टाकली जायची, वर गादी, वर चादर. मी एसटीनं आणि मग पायी, चिखलात एक चप्पल हरवून पोचायचो. मला कोणी 'बसा' असंही म्हणायचं नाही. मी बसणारच, याची सगळ्यांना खात्री होती.

चांगुणा यावर कधी बोलायची नाही. फक्त मागच्या पोळ्याहून परत येताना एसटीत खिडकीबाहेर बघत म्हणाली, "एकदा तरी माहेरच्या दारात आपल्या स्वतःच्या गाडीवरून उतरायचंय मला. बाबांना कळू दे, माझा नवरा बसका न्हाई." आणि मी, एसटीच्या सीटवर बसल्या बसल्या, शब्द दिला.

तर ती मोटारसायकल ढकलत मी गल्लीत शिरलो, तेव्हा चांगुणा दारातच उभी होती. मी मनातल्या मनात तीन वेगवेगळ्या थापा तयार ठेवल्या होत्या. एकही लागली नाही. तिनं पदर खोचला आणि गाडीभोवती एक चक्कर मारली. चाकाला हात लावला, चाकावरच्या चिमट्याला लावला, टाकीवर बोटानं टकटक केलं. अगदी तिच्या वडिलांसारखं.

"हाडं चांगली हायेत," ती म्हणाली. "कातडं गेलंय नुसतं. पोसावं लागंल." मग माझ्याकडे बघून विचारलं, "अंडी कुठंयत?"

(अंड्यांचाही हिशेब पुढे मिटला. ती पांढरी कोंबडी आपली जागा शोधत रोज दुपारी आमच्याकडे येऊ लागली आणि गाडीच्या सीटवर अंडं घालून परत जाऊ लागली. आमोस मास्तरांना मी हे कळवलं नाही.)

आता दुरुस्तीबद्दल. दुरुस्ती म्हणजे उघडणे, असा माझा तोवर समज होता. त्या हिशेबानं मी एका रविवारात गाडी संपूर्ण दुरुस्त केली. म्हणजे संध्याकाळपर्यंत ती आमच्या दोन खोल्यांत सगळीकडे होती. कार्बोरेटर देवघराशेजारी, चेन मोरीत, सायलेन्सर खुंटीवर छत्रीच्या बाजूला. भेटायला आलेल्या शेजाऱ्यानं मडगार्डला पाळणा समजून अभिनंदन केलं. चांगुणानं फक्त एक अट घातली होती, "रॉकेलमधी काय भिजवायचं ते भिजवा, पन भाताचं पातेलं सोडून." ती बाहेर गेल्यावर मी स्वयंपाकघरात गेलो आणि त्यातल्या त्यात जुनं, चेपलेलं, कुणाला नको असेल असं पातेलं निवडलं. ते भाताचं होतं. त्यानंतर दिवाळीपर्यंत आमच्याकडे भात खाणाऱ्यानं आगपेटीपासून लांब बसावं, असा दंडक होता.

पण गंज हा माझ्या आवाक्यातला नव्हता. पॉलिश पेपर घासून घासून माझी बोटं गुळगुळीत झाली, टाकी तशीच. मग चांगुणा बसली. तिनं चिंच कोळली, चुलीतली राख घेतली, काथ्याचा बोळा घेतला आणि गाडी घासायला सुरुवात केली. घरातली तांब्याची घागर घासावी तशी, गाणं गुणगुणत. शाळेतून आलो की मी बघत राहायचो. आज टाकीवर तळहाताएवढी चकाकी, उद्या परातीएवढी. चाकांचे आरे तर तिनं एकेक करून पुसले. मी क्लार्क माणूस, कामाकडे बघत राहण्याची मला सवय आहे, पण असं काम मी कधी पाहिलं नव्हतं. एके दिवशी टाकीत माझा चेहरा दिसला. गाडीपेक्षा तोच जुना वाटला.

जोडणी मात्र मी केली. ती पूर्ण झाल्यावर एक वाटीभर नट-बोल्ट, दोन स्प्रिंगा आणि एक वाकडी पट्टी उरली.

"ही कशाची?" चांगुणानं विचारलं.

"जादाची. इंग्रज लोक जादा घालून ठेवतात."

"इंग्रज?" ती म्हणाली. "ते जिथं जातात तिथलं काढून नेतात. जादा कुठून घालतील?"

ती वाटी लोणच्याच्या बरणीत ठेवून आम्ही विषय संपवला. रंगाचंही तसंच झालं. शाळेच्या फळ्यांचा उरलेला काळा रंग (हेडमास्तरांना विचारून आणलेला, ते 'न्या' म्हणाले, कशाला ते त्यांनी विचारलं नाही) टाकी आणि मडगार्डला पुरला. हँडलपाशी येऊन संपला. चांगुणानं वडिलांच्या बैलांच्या शिंगांसाठी हिंगूळ आणून ठेवला होता, तो तिनं हँडलच्या दोन्ही बाजूंना लावून टाकला. झाली गाडी तयार. काळं अंग, लाल शिंगं.

आता ती चालू करायची. मी किक मारली, तिनं मला मारली. हे बराच वेळ चाललं. गल्ली जमली. आमोस मास्तर आले, त्यांनी पोपच्या मुद्रेनं सूचना केल्या. माझ्या पोटरीला हळद बांधावी लागली. मी गाडीला जे बोललो ते शाळेच्या आवारात बोललो असतो तर नोकरी गेली असती.

"शिव्या देऊ नका तिला," चांगुणा पुढे येऊन म्हणाली. "बाबा पयल्यांदा जू घालताना बैलाला थोपटतात. नव्या जितराबाला भीती वाटती." आणि तिनं टाकी थोपटली. काहीतरी पुटपुटलीही. मी किक मारली आणि गाडी चालू झाली. असा आवाज झाला, की शेजारच्यांचा पत्रा हलला आणि पांढरी कोंबडी आपलं त्या दिवशीचं अंडं तिथेच टाकून पळाली. आमोस मास्तरांचं म्हणणं, त्यांनी त्याच क्षणी पेट्रोलचा कॉक उघडला म्हणून चालू झाली, मी इतका वेळ तो उघडलाच नव्हता. असेलही. मी चांगुणाच्या बाजूचा आहे.

पोळ्याच्या आदल्या दिवशी पहाट फुटताच आम्ही निघालो. चांगुणा ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून मागे बसली होती, मांडीवर बोचकं. कोल्हार गेलं, लोणी गेलं, संगमनेर गेलं. लोक वळून बघत होते. फक्त एक कुरकुर होती. चाकांमधून सारखा 'कुंई कुंई' आवाज यायचा आणि चाकं जरा अडून अडून फिरायची. ब्रेक मी बसवले होते, तेव्हा ते लागलेलेच राहिले असणार, हे आज कळतं. तेव्हा मी चांगुणाला सांगितलं, मिलिटरीची गाडी आहे, कवायत करते. अकोलेही मागे पडलं. मग चढ लागला आणि अर्ध्या चढावर गाडी बंद पडली.

मी किक मारली. थोपटलं. चांगुणानं थोपटलं. दोघांनी मिळून थोपटलं. श्रावणातली भुरभुर चालू होती, खाचरांत भात हिरवागार उभा होता आणि रस्त्यात आम्ही उभे होतो.

"मी उतरते," चांगुणा म्हणाली. "ढकलत नेऊ दोघं."

"अजिबात नाही," मी म्हणालो. "मी तुला गाडीवरून माहेरी नेण्याचा शब्द दिला होता. गाडी चालू असेल, असा शब्द दिला नव्हता."

ती पुढच्या सीटवर सरकली आणि हँडल धरलं. मी मागून खांदा लावला. तो चढ मी आयुष्यात विसरणार नाही. पाय चिखलात सरकत होते, चाक कुंई कुंई करत होतं, आणि चांगुणा पुढून मला धीर देत होती. काय बोलतेय याकडे तिचं लक्ष नव्हतं. तिच्या तोंडून आपोआप "चल रं राजा, हां, हां, आलं, आलं" असं येत होतं. बांधावर इरलं पांघरलेला एक माणूस भातातलं तण काढता काढता थांबून आमच्याकडे बघत होता. इरल्यात तोंड दिसत नव्हतं. परका असेल, असं म्हणून मी खांदा बदलला.

चढ संपला आणि उतार लागला. उताराच्या खाली उंबरदरा. मी पळत जाऊन पुढे बसलो, चांगुणा मागे, गाडी गडगडली, गिअर टाकला आणि ती शहाणी बया धडाधडा चालू झाली! आम्ही गावात शिरलो ते फौजदारासारखे. दारात बन्सीबाबा उभे, सासूबाई उभ्या, श्रीमंतराव बाजेवरून अर्धे उठलेले. चांगुणा गाडीवरून उतरली. कशी उतरली म्हणून सांगू! पदर सावरत, सावकाश, सगळ्या आळीला बघायला वेळ मिळेल अशी. चढावरचं आम्ही कोणालाच सांगितलं नाही. बायकांत बसून ती सांगत होती, "देवळालीवरनं निघालो ते थेट हितं. कुठं ठेच न्हाई." मी ऐकत होतो आणि माझा खांदा ठणकत होता.

दिवस कलायला लागल्यावर बन्सीबाबांनी बैलांची खांदेमळणी काढली. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचा खांदा गरम पाण्यानं शेकतात, वर्षभर जू वाहिलेल्या त्या जागेवर लोणी-हळद चोळतात, आणि त्याच्या कानाशी जाऊन उद्याचं निमंत्रण देतात. "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या." बाबांनी दोन्ही बैलांना आवतण दिलं. मग लोण्याचं भांडं हातात घेऊन ते गाडीसमोर येऊन उभे राहिले.

"हिला कुनी घासलं?"

"चांगुणानं."

"जोडलं कुनी?"

"मी," मी म्हणालो.

"सोता?"

"स्वतः."

त्यांनी मान हलवली. लग्नानंतर पहिल्यांदाच त्यांनी माझ्या उत्तरावर मान हलवली होती. "चाकरी करून दारात आलंय," ते म्हणाले. "चार पायांचं आसो नायतर दोन चाकांचं. ह्याचाबी खांदा मळाया पायजे." आणि त्यांनी गाडीच्या हँडलला लोणी-हळद लावली. श्रीमंतरावांनी बाजेवरून विचारलं, "मग आमच्या जीपला?" बाबा म्हणाले, "ती भाड्याची हाय. जितराब आपलं लागतं."

मला काय वाटलं ते कसं सांगू? माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्या भरात मी सासऱ्यांजवळ जाऊन जे बोललो, ते बोललो नसतो तर ही गोष्ट इथेच आनंदानं संपली असती. मी म्हणालो, "बाबा, खरा त्रास तिला इथे आहे." आणि चाकाच्या मधल्या गोल डब्याकडे बोट दाखवलं. "इथे फार कुरकुरते. जरा सढळ हातानं घाला."

बन्सीबाबांचा हात मुळात सढळ. त्यांनी लोणी कढवून पातळ करून आणायला लावलं आणि डब्याच्या फटीतून पुढच्या चाकात वाटीभर, मागच्या चाकात वाटीभर सोडलं. मी चाक फिरवून बघितलं. कुरकुर बंद! चाक पाण्यासारखं फिरत होतं. आम्ही सासरे-जावई एकमेकांकडे बघून पहिल्यांदाच हसलो. शेवटी बाबांनी हेडलाइटच्या कानाशी वाकून म्हटलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या."

(मोटारसायकलीचे ब्रेक त्या गोल डब्यात असतात. ते मीच बसवले होते.)

दुसऱ्या दिवशी पोळा. मारुतीच्या देवळापुढे आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं होतं. गावचा रिवाज असा, की आधी काकासाहेब पाटलांची मानाची बैलजोडी तोरणाखालून जाते, तेव्हा पोळा फुटतो. त्यांच्यामागे बन्सीबाबांची जोडी. हा दुसरा मान बाबांना त्यांच्या वडिलांपासून चालत आलेला, आणि बाबांच्या लेखी तो सातबाऱ्यापेक्षा मोठा. मग बाकीचं गाव. सगळ्यांच्या शेवटी, देवळामागच्या चढावर, मी आणि माझी गाडी. तिच्या अंगावर झूल, शिंगांना गोंडे, कपाळावर बेगड. सासूबाईंनी ओवाळलंसुद्धा होतं.

"सगळी गेली की सावकाश या," बाबा म्हणाले होते.

वाजंत्री वाजत होती. पाटील जोडीचा कासरा धरून तोरणासमोर उभे होते. गाडी आधीच चालू करून ठेवावी, ऐन वेळी फजिती नको, असा विचार मी केला. (माझा एकही विचार आजवर वेळेवर आलेला नाही, हा आधी आला.) एका किकला चालू झाली. मी खूश होऊन गिअर टाकला, आणि गाडी उताराला लागली. मी ब्रेक दाबला. पाय खाली गेला, गाडी पुढे गेली. हातातला ब्रेक दाबला. तोही तुपात. मी घाबरून वेगाची मूठ पिरगाळली, ती नेमकी उलट्या बाजूला.

"सरका! सरका!" मी ओरडलो. लोकांना वाटलं, मी बैलांना ओरडतोय. बैल मात्र माणसांपेक्षा शहाणे, ते आपणहून सरकले. मी बन्सीबाबांच्या जोडीशेजारून गेलो. बाबांचे डोळे मला दिसले. मी काकासाहेब पाटलांच्या शेजारून गेलो, आणि मानाच्या बैलांच्या दोन हात पुढे, साऱ्या गावादेखत, मोटारसायकलीवर बसून तोरणाखालून पार झालो. पार झालो म्हणजे तोरण माझ्या गळ्यात आलं. तसाच हार घालून मी पुढे सरपंचाच्या उकिरड्यात शिरलो आणि गाडी थांबली. तिनं उकिरड्यात तोंड खुपसलं होतं. माझंही तिथेच होतं.

वाजंत्री बंद पडली. मी शेणातून बाहेर आलो तेव्हा सगळं गाव उकिरड्याभोवती गोळा झालं होतं. मानाच्या बैलाआधी दुसरं कोणी तोरणाखालून गेलं, असं उंबरदऱ्यात कधी घडलं नव्हतं. एक म्हातारा पुढे येऊन म्हणाला, "बन्सीच्या घरचं हाय हे. बन्सीची जोडी रांगंतनं काढा!" दुसऱ्यानं त्याची री ओढली. मी बाबांकडे बघितलं. त्यांनी डोक्यावरचं पागोटं काढून हातात घेतलं होतं आणि ते पाटलांपुढे वाकायला निघाले होते. त्या वेळी उकिरडा मला परत बोलवत असता तर मी गेलो असतो.

काकासाहेब पाटलांनी बाबांना हातानं थांबवलं. ते माझ्याजवळ आले. मिशीत काय चाललंय ते कळत नव्हतं. त्यांनी काठी गाडीकडे रोखली. "तोरणाखालून चाकरीचं जितराब जातं. वर्साचं वझं वढल्यालं. ह्या यंत्रानं काय वढलंय, सांगा मला. सांगितलंत तर बन्सीचा मान ऱ्हाईल."

मी तोंड उघडलं. त्यात शेण होतं.

तेवढ्यात बायकांमधून चांगुणा पुढे आली. आदल्या दिवशी ज्या बायकांना तिनं कुठं ठेच लागली नाही म्हणून सांगितलं होतं, त्या सगळ्या तिथेच उभ्या होत्या. तिनं एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा वडिलांच्या हातातल्या पागोट्याकडे.

"काका," ती म्हणाली, "गाडीनं काय वढलं न्हाई. गाडी चढाला बंद पडली हुती. सारा चढ ह्यांनी वढलं. गाडीसकट मला. मी वर बसून व्हते." तिचा आवाज अजिबात हलला नाही. "काल म्या खोटं बोलले. माझी हौस ती. बाबांचा काय दोस न्हाई."

वर्षभर जपलेली, चिंचेनं घासून लख्ख केलेली हौस तिनं एका वाक्यात साऱ्या गावापुढे उतरवून ठेवली. अशा बाईसाठी माणसानं आणखी दोन चढ ढकलावेत.

"ठावं हाय," काकासाहेब पाटील म्हणाले. "इरलं पांघरून बांधावर म्याच हुतो." आणि त्यांच्या मिशीत काय चाललं होतं ते शेवटी बाहेर आलं. ते हसायला लागले. "लई चढ बघितलं, लई बैलं बघितली. पर ह्यानं मधी एकडाव बूड टेकवलं न्हाई. खांदा बदलला, पर बसला न्हाई." ते गावाकडे वळले. "यंत्राला मान न्हाई. जो वढतो त्याला मान. आन् पाव्हन्याला पयला पाट, ही आपली रीत. गावच्या जावयाची बैलात गनती झाली, आता वाद मिटला. नवं तोरन बांधा!"

गाव हसलं. एवढं हसलं, की बैलही बुजले. वाजंत्री सुरू झाली, नवं तोरण चढलं, पाटलांची जोडी गेली आणि पाठोपाठ बन्सीबाबांची जोडी गेली. पोळा फुटला. बाबांनी पागोटं डोक्याला बांधलं आणि माझ्याकडे आले. लग्नाआधी दाबला होता तोच माझा खांदा त्यांनी पुन्हा दाबून पाहिला. मी कळवळलो. मग घरी नेऊन त्यांनी उरलेलं लोणी-हळद त्याला स्वतःच्या हातानं चोळलं. सासूबाईंनी सुपातली पुरणपोळी आधी दोन बैलांना भरवली, तिसरी मला. श्रीमंतराव बाजेवर होते. त्यांना ताटात वाढलं.

गाडी परत आणली टेम्पोतून. आता ती आमच्या परसात असते. पांढरी कोंबडीही तिथेच राहायला आली आहे. चांगुणा दर रविवारी टाकी पुसते आणि मला अजूनही तिच्यात माझा चेहरा दिसतो.

यंदाच्या पोळ्याला आम्ही एसटीनंच गेलो. चढ पायी चढलो, दोन्ही चपला शाबूत. आदल्या दिवशी गोठ्यात खांदेमळणी चालली होती. संगमनेरहून बाबांचे एक दलाल मित्र आले होते, बैल बघायला. बाबांनी पहिल्या बैलाचा खांदा मळला, आवतण दिलं. दुसऱ्याचा मळला, आवतण दिलं. मग माझ्याकडे आले. मी सदरा काढून तयारच होतो. ही आता पद्धतच पडली आहे. त्यांनी लोणी चोळलं, कानाशी वाकले आणि म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या."

दलाल बघत होता. "ह्यो कोन, बन्सी?"

"आमचा जावई," बाबा अभिमानानं म्हणाले. "दाताला पुरा, खांद्याला पक्का. मारका न्हाई. आन् अजाबात बसका न्हाई."

माझा ऊर भरून आला. गोठ्याच्या दारात उभ्या चांगुणाचाही.

पण दलाल तो दलालच. त्यानं माझ्याभोवती एक चक्कर मारली आणि प्रत्येक बैलाच्या बाबतीत विचारतात तेच विचारलं, "येवढा चांगला हाय, तर मग खोड काय?"

बाबांनी खोटं बोलून आजवर एकही बैल विकलेला नाही.

"उताराला थांबत न्हाई," ते म्हणाले.